एकच प्याला आणि बंद दार

संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'परिस्थिती आणि दारूचे व्यसन' असा छापला आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. वैद्यक आमचा प्रांत नाही, समाजशास्त्रही नाही. तेव्हा आम्ही असं ठरवलं की सगळ्यांच्या ओळखीचं एक नाटक घ्यायचं आणि तासभर त्याच्याशी भांडायचं. नाटक म्हणजे अर्थात गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. दारू म्हटली की मराठी माणसाला हेच आठवतं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही, वाचलेलं नाही, त्यांनाही त्याचा सिद्धान्त पाठ असतो. सगळा नाश पहिल्या प्याल्यात आहे, तो उचलला नाही की झालं. हा सिद्धान्त गेली शंभर वर्षं आपल्या बोलण्यात, कीर्तनांत, शाळेच्या निबंधांत, लग्नाच्या चौकशांत इतका मुरला आहे की तो कुणा एकाचा विचार आहे हेही आपण विसरलो. आमचं म्हणणं असं की हा सिद्धान्त अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा खुद्द त्याच नाटकात आहे. तो आपण पाहिला नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, जेमतेम तेहेतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक उभं केलं. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. म्हणजे हे नाटक लोकांपुढे आलं तेच मुळी दोन शोकांचं मिळून, एक रंगमंचावरचा आणि दुसरा नाटककाराचा. शिवाय बालगंधर्वांची सिंधू. अशा नाटकाची चिकित्सा करायची कुणाची छाती होती? लोक रडत घरी गेले आणि जाताना सिद्धान्त तेवढा बरोबर घेऊन गेले.

आता नाटक नीट वाचू या. सुधाकर वकील आहे. आईबापांवेगळा वाढलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, म्हणून मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही महिन्यांसाठी रद्द होते. जिवाभावाचा मित्र रामलाल त्याच सुमारास विलायतेला निघालेला. बायको सिंधू श्रीमंत घरातली. सासरा आणि मेहुणा मदत करायला तयार, पण ती मदत घेणं म्हणजे मान घालवणं. अशा वेळी जवळ कोण उरतं? कारकून तळीराम. तो म्हणतो, विसरायला थोडी घ्या.

मंडळी, हा 'पहिला प्याला' उचलला जातो तेव्हा त्याच्या आधी किती गोष्टी होऊन गेल्या आहेत पाहा. काम गेलं. प्रतिष्ठा गेली. मित्र गेला. सासरचा आधार अभिमानाने बंद केला. दिवसभराचा वेळ रिकामा पडला, आणि त्या रिकाम्या वेळात घरात शिरणारा एकमेव माणूस पिणारा आहे. गडकऱ्यांनी एवढी सगळी तयारी केली आहे, अगदी बारकाईने. आणि मग आपल्याला सांगितलं आहे की दोष प्याल्याचा. नाटककार म्हणून त्यांनी जे पाहिलं, ते उपदेशक म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. ही आमची पहिली तक्रार.

दुसरी जागा आर्यमदिरामंडळाची. तो प्रवेश लोक हसण्यासाठी पाहतात. शास्त्री आहेत, खुदाबक्ष आहे, दारूच्या समर्थनार्थ शास्त्रार्थ चालतो, सभेचे ठराव होतात. त्या काळच्या सुधारकी सभांची ही टवाळी आहे हे खरंच. पण हसून झाल्यावर विचार करा. १९१९ च्या रंगमंचावर शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीला बसतात, एका भांड्याची लाज बाळगत नाहीत, असं या नाटकातलं दुसरं ठिकाण कोणतं? नाही. माणसाला 'या, बसा' म्हणणारी आणि तुमची सनद न विचारणारी जागा फक्त मदिरामंडळाची आहे. सुधाकराला दारूची ओढ लागली हे आम्ही मान्य करतो. त्याला त्या बैठकीचीही ओढ लागली असणार, असंही आम्हाला वाटतं. पिणाऱ्यांशी कधी मोकळेपणाने बोललात तर कळेल, त्यांतले पुष्कळजण चवीबद्दल फारसं बोलत नाहीत. ते 'बसण्या'बद्दल बोलतात. मराठीत पिण्याला 'बसणं' म्हणतात तेही काही उगीच नाही.

आता तिसरी जागा. आमचं सगळं भांडण तिच्यासाठी आहे. सुधाकर मधेच दारू सोडतो. खरोखर सोडतो. कामधंदा शोधायला बाहेर पडतो, जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो. आणि ते त्याला उभं करत नाहीत. दारुड्यावर विश्वास कोण ठेवणार? टोमणे, अपमान, परत जा. मग तो परत जातो, कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे मुलाचा बळी, सिंधूचा मृत्यू, शेवटच्या प्याल्यात विष. आमच्या पाहण्यातल्या एका प्रयोगात हा नोकरीच्या शोधाचा भाग इतका आवरता घेतला होता की शेजारचे गृहस्थ तेवढ्यात चहाला जाऊन आले. आम्हाला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. खरं तर नाटकाचा कणा तिथे आहे. पहिला प्याला तळीरामाने हातात दिला. हा दुसऱ्यांदा सुरू झालेला प्याला कुणी दिला? ते सगळे सभ्य गृहस्थ होते. त्यांच्यापैकी कुणी कधी दारू प्यायला असेल असंही नाही.

पण सुधाकर स्वतः मात्र काय म्हणतो? दारूच्या अवस्था सांगून तो असं ठरवून टाकतो की यातून सुटका नाही, उपाय एकच, पहिला प्याला न घेणं. एका बुडणाऱ्या माणसाच्या निराशेचं हे बोलणं आहे. आपण ते वैद्यकाचं वचन म्हणून घेतलं. ज्याला नुकतंच सगळ्यांनी हाकललं आहे, तो 'सुटका नाही' म्हणणारच.

इथे थोडं आमच्या विषयाकडे वळू द्या. हा विचार गडकऱ्यांचा नवा नव्हे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या पुस्तकात तो आहे. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण फेकणं तुझ्या हातात होतं. म्हणून जबाबदार तू. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखलाही तो तिथे देतो, कारण न पिणं माणसाच्या हातात होतं. 'एकच प्याला'चा सिद्धान्त हाच. आम्ही तीसेक वर्षं वर्गात हा दगड फेकत होतो. मुलांना पटायचा. आम्हालाही पटायचा. पण तोच ॲरिस्टॉटल दुसऱ्या पुस्तकात सांगतो की सवयी लहानपणापासून लागतात आणि चांगले कायदे नागरिकांना चांगल्या सवयी लावतात. शेवटच्या पुस्तकात तर तो थेट नगराच्या कायद्यांकडे वळतो. म्हणजे दगड कुणी फेकला हे विचारायचं, आणि हातात दगड येईल अशी वाट कुणी बांधली हेही विचारायचं. आम्ही परीक्षेला पहिला प्रश्न घालत आलो. दुसरा ऐच्छिक.

दुसरा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलाच नाही असं नाही. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. जोतीराव प्याल्यावर बोलत नाहीत, दुकानावर बोलतात. दोन वर्षांपूर्वीच, १८७८ साली, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला होता. सरकारला महसूल हवा होता. पुढे १८९२ चा मोहाच्या फुलांचा कायदा आला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. रानातली फुलं वेचून ठेवण्यावर बंधनं आली. घरची, सणावाराची दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातली कायदेशीर. त्या भागातल्या आदिवासींना 'पिणारी जमात' म्हणायची आपल्याला फार सवय. दुकान त्यांच्या वाटेवर कुणी आणून ठेवलं, याची नोंद अबकारी खात्याच्या जमाखर्चात आहे, नीतिशास्त्रात नाही. फुल्यांचं पत्र आणि गडकऱ्यांचं नाटक यांत चाळीसएक वर्षांचं अंतर. आपण नाटक लक्षात ठेवलं.

आता कुणी म्हणेल, सर, तुम्ही सगळा दोष परिस्थितीवर ढकलता. थांबा, आम्ही तिकडेच येतो आहोत. कारण परिस्थितीवाद्यांचंही आम्हाला पटत नाही. एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडमधल्या कामगारांवरच्या पुस्तकात लिहिलं की अशा कोंदट घरांत, अशा कामानंतर माणूस पिणारच. याला व्यक्तीचं पाप म्हणता येत नाही. मोठं आणि कणवेचं लिहिणं आहे. पण याला सिंधू उत्तर देते. सिंधूची परिस्थिती काय वेगळी होती? घर तेच, दारिद्र्य तेच, वर मार, उपास, दुसऱ्यांची दळणं. अपमान म्हणाल तर सुधाकरापेक्षा अधिक. ती का प्याली नाही? तळीरामाची गीता का प्याली नाही? दुःखाने माणूस पितो हे खरं असेल तर या देशात बायकांनी अधिक प्यायला हवी. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे सुमारे १९ टक्के आणि बायकांत सुमारे १ टक्का. बायका जात्याच सात्त्विक, हे उत्तर आम्ही फार ऐकलं आहे. त्यात कौतुक कमी आणि सोय जास्त. सिंधूसाठी मदिरामंडळ नव्हतं. तिच्या घरात शिरून 'थोडी घ्या वहिनी' म्हणणारा तळीराम नव्हता, तशी मुभाच नव्हती. म्हणजे परिस्थिती म्हटली की नुसती गरिबी धरून भागत नाही. हाताशी काय आहे, सोबत कोण आहे, कुणाला काय चालतं, रिकामा वेळ कुठे जातो, हे सगळं त्यात येतं. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये, १९७८ चं पुस्तक, मुंबईतला कावाखाना आहे. तिथे दारू कुठून सुरू होते असं बोट ठेवून दाखवता येत नाही. ती खोलीच्या हवेतच आहे. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला विचारा, तो सांगेल की न पिता आत उतरवत नाही. त्याला पहिल्या प्याल्याचं व्याख्यान द्यायला आमची तरी जीभ रेटणार नाही.

उलट बाजूने प्याला-सिद्धान्तही आकड्यांपुढे टिकत नाही. दिल्लीच्या एम्सने केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी आहे. तिच्यानुसार १० ते ७५ वयाचे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतले पूर्ण आहारी गेलेले सुमारे २.९ कोटी. ही संख्या भयंकर आहे, एका मोठ्या राज्याच्या लोकसंख्येची आठवण यावी इतकी. पण १६ कोटींनी पहिला प्याला उचलला आणि पाचांतला एकही पुरता त्यात अडकला नाही. मग अडकणारा का अडकला? काही वाटा जन्मतःच असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तज्ज्ञ आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. उरलेल्या निम्म्याबद्दल आपण बोलतो आहोत, आणि तोच आपल्या हातातला आहे.

या निम्म्यावर दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक उंदरांची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर यांनी काही उंदीर एकेकटे पिंजऱ्यात ठेवले आणि काही प्रशस्त जागेत, सवंगड्यांसह. पिंजऱ्यातल्यांनी मॉर्फिनचं पाणी पुष्कळ जास्त प्यायलं. ही गोष्ट आजकाल भाषणांत इतकी फिरते की दासबोधाचा समास वाटावा. पण नंतर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा सगळीकडे तसाच निकाल आला नाही. ते मॉर्फिन होतं, दारू नव्हे. आणि उंदराची सनद जात नाही. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त वजनाची वाटते, तीही दारूची नाही, हेरॉइनची आहे. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपैकी पाचांतला एक जण तिथे व्यसनी झालेला. ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्यांचा अभ्यास केला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे पाच टक्के. ती जागा सुटली, ती माणसं सुटली, आणि बहुतेकांचं व्यसनही सुटलं.

आमच्या मनात तेव्हापासून एक साधी गोष्ट घोळते. सैनिक युद्धातून घरी आला. आपल्याकडचा माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतो तेव्हा तो कुठे येतो? जिथे व्यसन लागलं तिथेच. त्याच खोलीत, त्याच नाक्यावर, त्याच पाळीवर. केंद्रं चांगलं काम करतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. तिथून नीट होऊन बाहेर पडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. पण काही आठवडे माणूस त्यांच्याकडे असतो, नंतरची वर्षं आपल्याकडे असतो.

एक गोष्ट आमच्या बाजूची सांगायला हवी, नाहीतर हे सगळं पुस्तकी होईल. नव्वदच्या दशकात आम्ही एका तालुक्याच्या गावी काही काळ प्रभारी प्राचार्य होतो. महाविद्यालयात एक शिपाई होता. बारा-तेरा वर्षं नोकरी, हात स्वच्छ, अक्षर आमच्यापेक्षा चांगलं. दारू लागली. घरच्यांनी केंद्रात नेलं, तो बरा होऊन आला. आल्यावर त्याचा अर्ज आला की रात्रीच्या पहारेकऱ्याचं काम काढून दिवसाचं द्यावं. रात्रीची खोली कंपाउंडच्या मागच्या भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडे गुत्ता. आम्ही त्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली. तेव्हा आम्ही फार उदार आहोत असं आम्हाला वाटलं. त्याला 'एकच प्याला' समजावून सांगितलं. पहिला प्याला उचलू नकोस, बस, बाकी काही लागत नाही, असं म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, दारूचं मी बघतो. तुम्ही रात्रपाळीचं बघा."

आम्हाला ते उर्मट वाटलं.

अर्जावर आम्ही शेरा मारला, सेवाज्येष्ठतेत बसत नाही. खोटं नव्हतं ते, दिवसपाळीला त्याच्याहून जुने दोघे होते. दरम्यान स्टाफरूमने त्याच्या हातून बँकेचा भरणा पाठवणं बंद केलं, चहाची वर्गणी त्याच्याकडून घेणं बंद केलं. कुणी ठरवून केलं नाही. चार महिने तो टिकला. चार महिने, त्या भिंतीला पाठ लावून! आज आम्हाला याचं नवल वाटतं. तेव्हा आम्हाला फक्त पाचवा महिना दिसला, आणि स्टाफरूममध्ये आम्हीच म्हणालो, बघा, गडकरी सांगून गेलेत, सुटका नाही. पुढे काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. यकृत.

त्याचं वाक्य आम्ही बरीच वर्षं मनात ठेवलं आहे आणि आमच्या मते त्यात ॲरिस्टॉटलची दोन्ही पुस्तकं आहेत. तो जबाबदारी नाकारत नव्हता. दारूचं मी बघतो, म्हणजे दगड माझ्या हातात आहे हे तो कबूल करत होता, आमच्यापेक्षा स्पष्टपणे. तो फक्त आमचा वाटा आमच्या पुढ्यात ठेवत होता. परिस्थितीवादी त्याला म्हणाले असते, बिचारा, तुझा काही दोष नाही. त्यात त्याची माणुसकीच काढून घेतली असती. आणि आम्ही प्याला-सिद्धान्ती म्हणालो, सगळं तुझं तू बघ.

न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जो एकदा आहारी जाऊन सुटला आहे, त्याच्यासाठी पहिला प्याला खरोखर धोक्याचा असतो. हे गडकऱ्यांचं नव्हे, सुटलेल्या माणसांचंच सांगणं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, आज आपल्या गावोगावी तिच्या सभा भरतात. तिथे पहिल्या प्याल्यापासून दूर राहणं हेच रोजचं व्रत. पण ते व्रत चालतं कशात, ते पाहा. एक खोली, ठरलेली वेळ, खुर्च्या, चहा, नावापुढचं आडनाव न विचारणारी माणसं आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन. मदिरामंडळाने सुधाकराला जे दिलं तेच सगळं, फक्त मदिरा वजा. प्याला-सिद्धान्त तिथे टिकतो, कारण त्याच्याभोवती माणसांनी घर बांधलं आहे. सुधाकराला असा एक मंगळवार संध्याकाळचा वर्ग मिळाला असता तर नाटक तिसऱ्या अंकातच संपलं असतं, आणि कंपनीचं नुकसान झालं असतं.

दारूबंदीवर आम्ही आज बोलणार नाही. १९४९ चा कायदा, वर्धा, गडचिरोली, चंद्रपूरची बंदी आणि २०२१ साली चंद्रपूरची बंदी उठणं, हा वेगळ्या व्याख्यानाचा मजकूर आहे. एवढंच सांगतो की आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायका फुल्यांच्या वाटेने चालल्या आहेत, गडकऱ्यांच्या नव्हे. त्या नवऱ्याच्या हातातल्या प्याल्याशी वाद घालत बसत नाहीत, दुकानाशी घालतात. सिंधूला मत नव्हतं.

उद्या कुणी हे नाटक पुन्हा बसवणार असेल तर आमची दिग्दर्शकाला एक विनंती आहे. नोकरी मागायला आलेल्या सुधाकराचा प्रवेश कापू नका. तिथे ते गृहस्थ असतात ना, त्यांना खलनायकासारखे रंगवू नका, मिशा पिळायला लावू नका. साधे असू द्या. चांगले कपडे, चष्मा, टेबलावर फायली. त्यांनी सुधाकराला आधी खुर्ची द्यावी, बरं-वाईट विचारावं, चार शब्द उपदेशाचे सांगावेत, आणि मग नियमात बसत नाही म्हणून खेद व्यक्त करावा. नट सापडला नाही तर आमचं वय जास्त झालं असलं तरी आम्हाला ती भूमिका पाठ आहे.